रेडिओची डिस्क

गल्लीच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर, जुने कपडे नीट करून देणारी एक बाई राहते. पँटची उंची कमी करायची, जाकिटाची चेन बदलायची, कोटाचं उसवलेलं अस्तर आतून शिवायचं, अशी तिची कामं. नवा कपडा ती शिवायला घेत नाही. "नवं शिवलं की लोक चुका शोधतात, जुनं नीट केलं की आभार मानतात," असं तिचं म्हणणं. तिला सगळे शिवणवाली म्हणतात. तिचा नवरा बसवर कंडक्टर होता आणि त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो कधी बंद होत नसे.

माणूस खरंच बडबड्या होता. तिकीट देता देता तो कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सासूचा गुडघा, सगळ्याची चौकशी करायचा. त्याच्या गप्पांच्या नादात लोक आपला थांबा चुकायचे आणि वर त्यालाच हसत परत फिरायचे. घरी आला तरी तेच. दात घासतानासुद्धा तो बोलायचा, तोंडात फेस घेऊन. शिवणवाली मशीनवर वाकलेली असायची आणि "हं, हं" म्हणत राहायची. त्यातलं निम्मं तिच्या कानावर पडायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्याच्या बोटांतून तिकिटं निसटायला लागली. पुढे पायरी चढताना पाय अडखळायला लागला, आणि एका वर्षात जीभ जड झाली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते लांबलचक होतं, तिला ते कधी धड उच्चारता आलं नाही. तिच्या भाषेत एवढंच, की अंगातले स्नायू एकेक करून संपावर गेले आणि डोकं मात्र रोज कामावर हजर. रेडिओ अंथरुणाला खिळला. त्याला ऐकू यायचं, कळायचं, हसू यायचं, संताप यायचा. फक्त बाहेर काही पडत नव्हतं.

त्याचं बोलणं परत आणलं ते घरातल्या जुन्या कॉम्प्युटरनं. मुलगी कॉलेजात असताना घेतलेला तो कॉम्प्युटर, ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून कापडाखाली पडून होता. रुग्णालयात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यात एक प्रोग्रॅम घालून दिला. पलंगाच्या उशाशी वाकवलेली एक सळई बसवली आणि तिच्या टोकाला, रेडिओच्या गालाजवळ, एक मऊ बटण. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळायच्या. हवी ती ओळ आली की तो गालानं बटण दाबायचा, मग त्या ओळीतलं अक्षर. वाक्य झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचून दाखवायचा, कुठलाही चढउतार नसलेल्या, बातम्या वाचल्यासारख्या आवाजात.

सुरुवातीला एका वाक्याला इतका वेळ लागायचा की तो काय सांगत होता तेच शिवणवाली विसरायची. पण त्या प्रोग्रॅमला एक सवय होती. रेडिओ जे शब्द वापरायचा ते तो लक्षात ठेवायचा आणि पुढच्या वेळी पहिल्या अक्षरालाच पुढे करायचा. वर्षं गेली तशी त्याला रेडिओची सगळी भाषा पाठ झाली. त्याच्या शिव्या, त्याचे विनोद, मुलीचं लाडाचं नाव, "मान जरा डावीकडे", "तो शेजारचा परत खोकला", सगळं. एक अक्षर दाबलं की अख्खं वाक्य तयार. रेडिओ पुन्हा रेडिओ झाला. शिवणवाली बाहेरच्या खोलीत शिवत बसायची आणि आतून तो बातम्यांच्या आवाजात तिची थट्टा करायचा. तिला हाक मारायचंही त्याच बटणानं. गाल दाबून धरला की घंटा वाजायची.

यंत्राशिवाय दोघांकडे दोनच शब्द होते. डोळे वर केले की हो. डोळे मिटले की नाही.

थंडी सुरू होताना कॉम्प्युटर बिघडायला लागला. सकाळी चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर तिची अंघोळ उरकायची. मग तो वाक्याच्या मधेच थिजायला लागला. आतून कुणीतरी नखानं टकटक करतंय असा आवाज यायचा. रेडिओ गाल दाबत राहायचा आणि पडद्यावर एकच ओळ उजळलेली राहायची. तिनं मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, "आई, डिस्क गेली असणार. सगळं त्यातच साठवलेलं असतं. नवी बसवून घे, हल्ली फार वेगवान मिळतात. उगाच थांबू नकोस."

कोपऱ्यावरच्या दुकानातून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जाडजूड माणूस, जिना चढून आला की दारातच उभा राहून दम खायचा. त्यानं डबा उघडला, टकटक ऐकली, बराच वेळ काहीतरी तपासलं आणि तोंड वाकडं केलं.

"काकू, तुमची डिस्क जुन्या पद्धतीची आहे. आत तबकडी फिरते. ती झिजलीय. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, कॉम्प्युटर एकदम पळायला लागेल. पण हिच्यातलं सगळं तिच्यात उतरवून घ्यावं लागेल."

"मग घ्या की."

"तीच तर गोची आहे. उतरवताना ही डिस्क सलग कितीतरी तास चालवावी लागते. हिच्यात तेवढी ताकद आहे का, सांगता येत नाही. मधेच बंद पडली तर तिथंच संपलं. आणि आता हात नाही लावला तर रखडत चालेल. आठवडा चालेल, वर्ष चालेल. कधीतरी जाणार हे मात्र नक्की."

"आणि तो प्रोग्रॅम? नव्यानं घालता येईल ना?"

"तुमच्याकडे सीडी आहे ना त्याची? मग रिकामा प्रोग्रॅम घालता येईल. पण यांनी शिकवलेले शब्द येणार नाहीत. ते फक्त या डिस्कवर आहेत. मी आत्ता तेवढेच काढून बघत होतो, तर मशीन थिजलं, परत चालू करावं लागलं. जिथं डिस्क खराब झालीय, नेमके तिथंच बसलेत." त्यानं आवाज खाली आणला. "पेशंटला कळतं का हो आपण काय बोलतोय ते?"

पलंगाकडून आवाज आला, "पेशंट इथेच आहे. ऐकू पण येतं."

दुरुस्तीवाला दचकला, मग ओशाळून हसला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून त्यानं सगळं पुन्हा एकदा रेडिओलाच समजावून सांगितलं. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी बंद झालीय, आणि शिवणवालीच्या म्हणण्याप्रमाणे व्यायामाच्या बाईही रुग्णालय सोडून गेल्यात, तेव्हा विचारायला कुणी नाही, हेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "काका, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी बदला असं पण म्हणणार नाही आणि नका बदलू असं पण नाही."

रेडिओनं वेळ घेतला नाही. "नाही. चालतंय तोवर चालू दे."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. शिवणवालीच्या डोक्यात रात्रंदिवस ती टकटक. शिवणाच्या मशीनचा आवाज थांबला की ती कान देऊन ऐकायची, आतलं यंत्र चालू आहे ना. एकदा ते थिजलं तेव्हा रेडिओचा हात अंगाखाली दुमडून अडकला होता. तिनं विचारलं, पाय दुखतोय? पाठ? उजेड नको? तहान? प्रत्येक प्रश्नाला मिटलेले डोळे. हात हा एवढा साधा शब्द तिला सुचला नाही. शेवटी चादर बदलायला तिनं त्याला कुशीवर वळवलं तेव्हा तो हात दिसला, निळा पडलेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं होतं.

यंत्र परत सुरू झाल्यावर ती हात जोडल्यासारखं करून म्हणाली, "अहो, आता तरी ऐका. बदलून टाकू. असं किती दिवस जीव टांगणीला लावून काढायचे?"

"बंद पडली मधेच तर."

"तर परत शिकवू त्याला. वेळ लागेल, लागू दे."

ओळी उजळत राहिल्या. तो नेहमीपेक्षा हळू लिहीत होता. "गाल दमतो आता. परत शिकवायला गाल पुरणार नाही."

गालाचं त्यानं याआधी कधी सांगितलं नव्हतं. "मग मी आहे ना," ती म्हणाली. "मी समजून घेईन."

"तुला नाही समजत माझं. त्याला समजतं."

तो आवाज सपाटच होता, नेहमीसारखा. त्यात राग नव्हता की टोमणा. पण शिवणवालीला ते असं लागलं की ती उठली आणि बाहेर येऊन कुणाच्यातरी पँटचा पाय चुकीच्या बाजूनं कापून बसली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याला अंघोळ घालायची ती, रात्रीतून चारदा कुशीवर वळवायची ती, घशातला कफ नळीनं ओढून काढायची ती. आणि समजतं कुणाला, तर त्या खोक्याला. तिनं हे मुलीलाही सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तरी सांगण्यासारखं त्यात काय होतं, अडगळीतल्या कॉम्प्युटरचा मत्सर वाटतो म्हणून?

पुढच्याच आठवड्यात ती दुपारची वेळ आली. ती कोटाचं अस्तर शिवत होती. निळा दोरा संपला म्हणून दुसरं रीळ काढायला ती आतल्या कपाटाशी गेली आणि सहज पलंगाकडे पाहिलं. रेडिओचं तोंड काळंनिळं झालं होतं. डोळे बाहेर आल्यासारखे. गाल बटणावर दाबलेला होता, घट्ट, आणि पडदा थिजलेला. घंटा वाजलीच नव्हती. तो किती वेळ तिला हाका मारत होता कोण जाणे. तिनं कफ ओढायची नळी त्याच्या घशात घालायला घेतली, पहिल्यांदा ती दातांवर आपटली. मग कफ निघाला, श्वास आत गेला, चेहऱ्याला रंग आला. ती पलंगाच्या कडेला जमिनीवर बसली. दोरा संपला नसता तर, एवढाच एक विचार पुन्हा पुन्हा.

बऱ्याच वेळानं ती उभी राहिली. "मी दुरुस्तीवाल्याला बोलावतेय," ती म्हणाली. "डिस्क बदलायची."

रेडिओनं डोळे मिटले.

"मिटा. मिटले तरी बदलणार."

त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले, घट्ट. तिनं खाली वाकून कॉम्प्युटरचा भिंतीतला प्लग काढला. नंतर तिनं स्वतःला किती वेळा विचारलं की तो प्लग आपण त्याच्या जिवासाठी काढला, की त्या एका वाक्यासाठी. तिला कधी नक्की सांगता आलं नाही.

तिची एकच अट होती, काम घरी व्हायला हवं, त्याच्या डोळ्यांसमोर. दुरुस्तीवाला आपलं सामान घेऊन आला. जुनी डिस्क आणि नवी डिस्क टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्यानं वायरी जोडल्या. नवी तर एवढीशी, चपटी, आगपेटीपेक्षा थोडी मोठी. कॉपी सुरू झाली. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. दुरुस्तीवाला जुन्या डिस्ककडे पाहत होता, शिवणवाली पट्टीकडे आणि रेडिओ छताकडे. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली तेव्हा दुरुस्तीवाला जरा सैलावला, पाणी प्यायला, आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नात लाइट गेले होते तो किस्सा त्यानं सांगितला. रेडिओच्या ओठाचा कोपरा किंचित हलला.

मग टकटक वाढली. आधी सावकाश, मग भराभर, आणि त्यानंतर एक बारीक घरघर. पट्टी थांबली. दुरुस्तीवाल्यानं डिस्कवर तळहात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. पंखा लावला, थंड होऊ दिली, वायर बदलली, दुसरा प्रोग्रॅम लावून पाहिला. संध्याकाळ झाली. डिस्क आता टकटकही करत नव्हती.

"गेली," तो म्हणाला. सामान आवरताना त्यानं मान वर केली नाही. "जे उतरलंय त्यात फोटो आहेत, मुलीचे प्रोजेक्ट आहेत. शब्दांची फाईल नाही. मी डिस्क मोठ्या ठिकाणी पाठवून बघतो. आशा मात्र ठेवू नका, काकू." जाता जाता तो पलंगापाशी थांबला. "काका, माफ करा." रेडिओनं त्याच्याकडे पाहून डोळे वर केले.

शिवणवालीकडे त्यानं पाहिलं नाही.

नव्या डिस्कवर सीडीतून रिकामा प्रोग्रॅम घातला गेला. कॉम्प्युटर चुटकीसरशी चालू व्हायला लागला, घंटाही खणखणीत वाजायची. पण रेडिओनं बटणाला गाल लावला नाही. शिवणवाली खोलीत आली की तो डोळे मिटून घ्यायचा. ती भरवायला बसली की तोंड उघडायचा, डोळे नाही. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की डोळे उघडे. शिवणवाली फोन खाली ठेवायची आणि पडदा पडल्यासारख्या पापण्या खाली. माणसाकडे रुसायला एवढंच उरलं होतं आणि ते त्यानं पुरेपूर वापरलं. ती आधी विनवण्या करायची. मग रडली. मग गप्प झाली. घर इतकं शांत झालं की गिऱ्हाईकं दारात आली की तिला बरं वाटायचं, आणि दुसऱ्या क्षणाला त्यांनी जावं असं वाटायचं.

एका सकाळी ती त्याची दाढी करत होती. फेस लावून झाला, वस्तरा हातात, आणि अचानक तिचा हात थांबला.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी मी दोरा घ्यायला आत आले नसते, तर बरं झालं असतं, असं वाटतं का तुम्हाला? वाटत असेल तर तसं सांगा. मी परत विचारणार नाही."

डोळे मिटलेलेच होते. ती थांबली. हा नकार होता की रुसवा, तिला कळायला मार्ग नव्हता. गालावरचा फेस सुकायला लागला. मग रेडिओनं डोळे उघडले. बऱ्याच दिवसांनी त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं, ती पाहते आहे याची खात्री करून घेतली, आणि सावकाश, तिला नीट दिसेल असे, डोळे मिटले. पुन्हा उघडले. पुन्हा मिटले. नाही. नाही.

तिनं वस्तरा भांड्यात ठेवला आणि फेसासकट त्याच्या गालाला गाल लावला. मग उठून दाढी पुरी केली, कारण अर्धी राहिली असती तर त्यानं पुढे वर्षभर ऐकवलं असतं.

त्यानंतर दोघं त्या रिकाम्या प्रोग्रॅमला शिकवायला बसायची. प्रोग्रॅम फारच सभ्य होता. "शि" दाबलं की "शिष्टमंडळ" पुढे करायचा, "गा" दाबलं की "गांभीर्यपूर्वक". रेडिओला शेजाऱ्याला गाढव म्हणायचं असायचं आणि यंत्र त्याला गांभीर्यपूर्वक करायचं. शिवणवाली त्याला गालाचे कष्ट नकोत म्हणून स्वतः टाइप करायची, आठवेल ते. "मान डावीकडे." "मुलीला फोन लाव." त्याचे थट्टेचे शब्द, तिला मारलेले टोमणे. ती वाक्य म्हणून दाखवायची, तो डोळ्यांनी हो किंवा नाही म्हणायचा. पुष्कळदा नाही असायचं. कधी कधी तिला पहिल्याच फटक्यात जमायचं आणि ती मनात म्हणायची, एवढं तरी ऐकलं होतं मी.

मोठ्या ठिकाणाहून डिस्क परत आली. काही निघालं नव्हतं.

यंत्र निम्मंअर्धं शिकलं असेल नसेल, तोवर रेडिओचा गाल थकला. आधी बटण अगदी चिकटवून बसवलं, मग त्याहून हलकं आणलं. दुरुस्तीवाला न बोलावता दोनदा येऊन सळई वाकवून गेला. शेवटी एके दिवशी गाल हललाच नाही. डिस्क बदलली नसती, तर जुन्या शब्दांवर त्याचे तेवढे दिवस बोलण्यात गेले असते. की त्या दुपारीच सगळं संपलं असतं? हे गणित शिवणवाली अजून करते. उत्तर येत नाही. मुलगी म्हणते, "आई, तू तरी काय करणार होतीस?" ती "हं" म्हणते.

आता तिनं पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून घेतली आहेत. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत जाते आणि तो डोळे वर करून तिला थांबवतो. मग अंदाज बांधायचा. तो दमला असला की एका अक्षराच्या पुढे जात नाही.

परवा तो "ब" वर थांबला. बाहेर कोट पडला होता, त्याच दिवशी द्यायचा होता, मालक संध्याकाळी येणार होता.

"बाजू बदलू?"

डोळे मिटले.

"बाम? बाहेर कोण आलंय ते?"

मिटले.

"बस?"

डोळे वर गेले.

"बसचं काय? स्वप्न पडलं का ड्युटीचं?" मिटले. "बस म्हणजे पुरे झालं? काय पुरे झालं, औषध? मालीश? दुखलं का?" मिटले. तिचा धीर सुटत चालला. ती पुठ्ठा छातीशी धरून उभी होती आणि तो तिच्याकडे पाहत होता, मग तिच्या मागच्या स्टुलाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"मी? मला बस म्हणताय?"

डोळे वर गेले.

तिनं स्टूल ओढलं आणि बसली. काही हवं होतं म्हणून नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे, आणि थोड्या वेळानं खिडकीतून खाली रस्त्याकडे दोघंही. कोटाचा मालक येऊन दार वाजवून गेला. ती उठली नाही.